साडेसहा वाजून गेल्यावर

कर्जत
१० डिसेंबर २०२४

सुनीती,

फोन उचलायचा नसेल तर नको उचलूस. आसावरी मला म्हणाली, "बाबा, आई म्हणते, काय सांगायचं ते लिहून पाठवा. फोनवर तुम्ही तिला बोलूच देत नाही." मुलीने बापाला असं तोंडावर सांगावं, हेही ऐकून घेतलं. तुला खोपोलीला भावाकडे जाऊन आज दोन आठवडे झाले. म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, त्या रविवारी माझ्या छातीत दुखलं होतं. तू जाताना दारात उभी राहून जे बोललीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. "साडेसहाला शर्यत सुटली आणि तुमचं दुखायचं थांबलं. दवाखान्यात तुम्ही मला तीनदा वेळ विचारलीत." अगं, आजारी माणूस वेळ विचारतोच. किती वेळ दुखतंय हे डॉक्टरला सांगावं लागतं. ईसीजी चांगला आला, रक्त चांगलं आलं, डॉक्टर म्हणाले गॅस असेल. पण मे महिन्यात मला ॲटॅक आला तेव्हाही आधी सगळे गॅसच म्हणत होते ना? ज्याच्या हृदयात स्टेंट बसवलाय त्याने पहाटे छातीवर हात ठेवला तर बायकोने काय करायचं? तू लगेच रिक्षा आणलीस, योग्यच केलंस. तुझी पाच किलोमीटरची शर्यत हुकली याचं मला वाईट वाटतं. पण शर्यती काय, दरवर्षी होतात.

वरदचं म्हणशील, तर पुण्याहून जीव मुठीत धरून आलेलं पोर ते. "बाबांची ही अवस्था आणि तुला पळायचं सुचतं, आई?" हे त्याने दवाखान्यात सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. पण तो घाबरला होता. मी मध्ये एक शब्द बोललो नाही, असा तुझा आरोप आहे. मी बोललो असतो, पण माझा डोळा लागला होता.

आता चालण्याचं. तीस वर्षं मी मोजणी खात्यात काढली. कर्जत-खालापूरचा एक डोंगर असा नाही की ज्याच्या उतारावर मी जमीन मोजली नाही. माझ्यामागे साखळी धरून चालणारा सखा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण धापा तो टाकायचा. तू तर बाजारात जायलाही रिक्षा करणारी. ऑगस्टमध्ये डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला, सुरुवातीला एकटे जाऊ नका. म्हणून तू आलीस. चपला घालून, छत्री घेऊन, मला सोबत म्हणून. दहा-बारा दिवसांत तू माझ्या चाळीस पावलं पुढे होतीस. मी मोजली. गणपतीपर्यंत तू वळणापलीकडे दिसेनाशी व्हायचीस. मी सावकाश चालत होतो, पण त्याला कारण आहे. ती सकाळची गोळी हृदयाची गती वाढू देत नाही. शिवाय माझे बूट जुने. शिवाय कडावच्या रस्त्यावर कुत्री आहेत. तुला ती काही करत नाहीत, पण माझ्यावर भुंकतात.

आणि ती समीक्षा. शाळेतली नोकरी सांभाळून सकाळी बायकांना पळायला शिकवते, चांगली मुलगी आहे, पण बोलण्याचं भान नाही. "काकू, तुमचा दम किती छान टिकतो!" आणि माझ्याकडे वळून, "काका, तुम्ही आमच्या पिशव्या सांभाळाल?" मी सांभाळल्या. सहा बायकांच्या पिशव्या मांडीवर घेऊन तासभर पुलाच्या कठड्यावर बसलो. मला तुझा हेवा वाटतो असं तू आसावरीला म्हणालीस. हेवा कसला? बायकोचा कोणी हेवा करतं का? मला तुझं कौतुकच आहे, पण घरात एक माणूस आजारी असताना दुसऱ्याने इतकं उत्साहात असावं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

माझं चालणं चालू आहे. रोज दोन किलोमीटर. डबा लावलाय, पण त्यांच्या आमटीला चव नाही. तू परत ये असं मी म्हणणार नाही, पण ये.

मधुकर


कर्जत
२२ डिसेंबर २०२४

सुनीती,

तुझं कार्ड मिळालं. "पत्र पोचलं. त्यात 'पण' अकरा वेळा आहे. वरदला सांगितलंत का?" एवढंच. चौथीच्या वह्या तपासून निवृत्त झालीस तरी हातातली लाल शाई वाळलेली नाही.

मला राग आला. पत्राची कच्ची प्रत माझ्याकडे होती, खात्यातली सवय. ती काढून मोजले. अकराच भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहदेवच्या टपरीवर गेलो. कडावचा तो, म्हशी सांभाळून रस्त्याला चहा विकतो. तुझी त्याची ओळख येता-जाता हात करण्यापुरती. माझी जास्त आहे. का, ते सांगतो.

"साहेब, बाई दिसत नाय हल्ली?" त्याने विचारलं.

"खोपोलीला गेल्यात, भावाकडे."

"मंग तुमचं चालनं?"

"चालू आहे की."

"कुठं चालू हाय?" त्याने पातेल्यात साखर टाकली. "तवा बी बाई पार लांब जाऊन यायच्या आन तुमी हितंच बसायचे. आता बी हितंच. आमी रोज बगतो ना."

मी म्हटलं, डॉक्टरांनी ताण घेऊ नका म्हणून सांगितलंय.

"डाक्टरनी दोन-दोन चा सांगितले काय?" तो म्हणाला आणि हसला. वाईट हेतूने नाही हसला.

पावलं मोजत घरी आलो. माझं पाऊल किती लांबीचं आहे हे मला झोपेतही सांगता येतं. घरापासून टपरी सहाशे चाळीस मीटर. जाऊन-येऊन बाराशे ऐंशी. मागच्या पत्रात मी दोन किलोमीटर लिहिलं होतं.

आणखी एक. गणपतीपासून नोव्हेंबरपर्यंत तू वळणापलीकडे गेलीस की मी टपरीत मागच्या बाकावर बसायचो. साखरेचा चहा, कधी खारी. तू परत येताना दिसलीस की उठून रस्त्यावर यायचो, रुमालाने कपाळ पुसायचो. "आज किती झालं?" तू विचारायचीस. मी म्हणायचो, तीन. डॉक्टरांना मी चार सांगायचो. कुत्री तिथे आहेत हे खरं. ती सहदेवची आहेत आणि माझ्या पायाशी खारी खायला बसायची.

वरदला फोन केला. म्हटलं, "त्या दिवशी तसं फार गंभीर काही नव्हतं रे बहुतेक." तो म्हणाला, "हो बाबा, गॅसच म्हणाले ना डॉक्टर. तुम्ही काळजी घ्या. आईला अक्कल यायला हवी होती." मी म्हटलं, "बरं, ठेवतो."

तर उत्तर असं, की नाही सांगितलं.

मधुकर


कर्जत
१२ जानेवारी २०२५

सुनीती,

आज अठराशे मीटर. टपरीच्या पुढे वीटभट्टीपर्यंत गेलो आणि परत आलो. मध्ये दोनदा थांबलो. दम लागला म्हणून थांबलो.

परवा डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांना सांगितलं की चार महिने मी चाललोच नव्हतो, आकडे मनाचे होते. ते चष्मा काढून माझ्याकडे बघत बसले. "मधुकरराव, तुमच्या त्या आकड्यांवर मी औषधं ठरवत होतो. उद्या काही झालं असतं तर?" मग म्हणाले, "आता शून्यापासून धरू." तीस वर्षं इतरांच्या जमिनीच्या हद्दी ठरवलेल्या माणसाला शून्यापासून धरलं. बाहेर बाकावर बसून राहिलो थोडा वेळ.

आता तो रविवार.

मी जागाच होतो. तू स्वयंपाकघरात दिवा लावून बुटांच्या नाड्या बांधत होतीस. छातीवर नंबराचा कागद टाचलेला. टीशर्टला इस्त्री केली होतीस, पळायच्या टीशर्टला! आणि तू गुणगुणत होतीस. लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझ्यासाठी डबा भरताना तुला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मला वाटलं, ही आता जाईल, पदक घेऊन येईल, समीक्षा फोटो टाकेल, आणि बाजारात जो भेटेल तो मला म्हणेल, "काय वहिनी पळतात हो!" आणि मी तिथे हसून उभा राहीन. पायांचा मान या घरात माझा होता. तो तू चार महिन्यांत नेलास आणि न्यायचा म्हणून नेलासही नाहीस. तुला त्याची कल्पनाच नव्हती. त्याचा मला जास्त राग आला.

छातीवर हात कधी गेला ते माझं मलाच कळलं नाही.

वरचं वाक्य खोडलंय, तरी तुला वाचता येईल. ते खोटं आहे. कळलं होतं. हात ठेवण्याआधी मी घड्याळ बघितलं. पाच वाजून दहा मिनिटं. शर्यत हुकायला तेवढा वेळ पुरे होता. काही दुखत नव्हतं.

तू नाड्या न सोडता तशीच धावत रिक्षा आणायला गेलीस. दवाखान्यात माझ्या उशाशी बसलीस तेव्हा तो नंबर तुझ्या छातीवर तसाच होता. मी तीनदा वेळ विचारली, कारण मला शर्यत सुटल्याची खात्री हवी होती.

आणि वरद बोलला तेव्हा माझा डोळा लागला नव्हता. सगळं ऐकलं. त्याहून वाईट ते लिहितो. तो तुला बोलत होता आणि मला बरं वाटत होतं. वाटलं, कोणीतरी हिला थांबवलं.

हे तुला लिहिणं सोपं गेलं. तुला माहीतच होतं. वरदला सांगायचं आहे.

मधुकर


कर्जत
२ फेब्रुवारी २०२५

सुनीती,

वरद मागच्या शनिवारी आला होता. तुला त्याच्याकडून समजलंच आहे. तरी माझ्याकडून सांगतो.

रविवारी सकाळी त्याला म्हटलं, चल, चालून येऊ. तो रस्त्याच्या बाजूने चालत होता आणि मला आतल्या बाजूला ठेवत होता, टेंपो आला की माझा दंड धरत होता. त्याच्या लहानपणी मी त्याला तसाच धरायचो. दर थोड्या वेळाने विचारायचा, "बाबा, बसायचं का?" इतक्या मायेने विचारत होता की मला वाटलं, आज नकोच. पुढच्या वेळी सांगू.

टपरीवर बसलो. सहदेव चहा गाळत होता. मी म्हटलं, "वरद, नोव्हेंबरमध्ये माझ्या छातीत काही झालं नव्हतं."

"हो ना, गॅस होता."

"गॅसही नव्हता. मी नाटक केलं. तुझ्या आईला शर्यतीला जाऊ द्यायचं नव्हतं."

तो आधी हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू गेलं.

"का?"

माझ्याजवळ उत्तरं होती, सुनीती. आजारपणानंतर माणसाचं मन खचतं, हे डॉक्टरही सांगतात. नोकरी संपली, घरात बसून होतो. सगळी खरी आहेत. ती सांगितली असती तर त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला असता, मला ठाऊक होतं.

"मला तिचा हेवा वाटत होता," मी म्हणालो.

"आईचा?"

"हो."

मग तो म्हणाला, "बाबा, मी तिला काय काय बोललो त्या दिवशी. नर्स ऐकत होत्या. 'तुला नवऱ्यापेक्षा पळणं मोठं झालंय' म्हणालो. तिने मला एका शब्दाने उत्तर दिलं नाही. तुम्ही जागे होतात?"

"जागा होतो."

सहदेवने दोन ग्लास आणले, आमच्याकडे बघितलं आणि ते तसेच परत नेले.

वरद उठला आणि घराकडे निघाला. मी मागून चालत होतो. हाक मारली नाही. त्याला गाठायचा प्रयत्न केला, नाही गाठता आलं. घरी पोचलो तेव्हा त्याची गाडी गेलेली होती. बॅग दिवाणखान्यातच राहिली आहे. तो थेट तुझ्याकडे आला, तुझ्याजवळ बसून रडला, हे आसावरीने सांगितलं. मला त्याचा फोन नाही. मी दोनदा केला, त्याने कापला.

मला वाटायचं, खरं बोललं की माणसाला हलकं वाटतं. मला तसं काही वाटलं नाही. घर रिकामं वाटलं. आणि हेही लिहून टाकतो. तो तुझ्याकडे गेला याचाही मला हेवा वाटला. मुलगा गेला, मुलगी आधीच तुझ्या बाजूची, सगळे तुझे. असं मनात आलं आणि मी एकटाच खुर्चीत बसून ओशाळलो.

तू सोळा तारखेला खोपोलीत दहा किलोमीटर पळणार आहेस असं आसावरीकडून कळलं. मी सध्या बावीसशे मीटरवर आहे.

मधुकर


कर्जत
१६ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळ

सुनीती,

आज सकाळी जे झालं ते तुझ्यासमोरच झालं. तरी लिहितो, कारण माझ्या बाजूने काय चाललं होतं ते तुला दिसलं नसेल.

सकाळच्या गाडीने खोपोलीला उतरलो आणि मैदानाच्या फाटकाशी उभा राहिलो. येणार असं तुला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर तुझं पळताना लक्ष माझ्याकडे राहिलं असतं. वरद रस्त्याच्या पलीकडे होता. त्याने मला बघितलं. मान हलवली, इकडे आला नाही.

आधी तरणी पोरं आली, मग मधल्या वयाचे पुरुष, मग समीक्षा आणि तिच्याबरोबरच्या दोघी. मग तू वळणावर दिसलीस. तोंड लाल, केस कपाळाला चिकटलेले, आणि शेवटच्या शंभर मीटरमध्ये तू एका पस्तिशीच्या माणसाला मागे टाकलंस. लोक टाळ्या वाजवत होते. एक तास बारा मिनिटं. माझ्या शेजारचा कोणी अनोळखी माणूस म्हणाला, "काकूंनी कमाल केली राव!"

मला वाटलं होतं, सगळं कबूल केलं, डॉक्टरांना सांगितलं, वरदला सांगितलं, आता हेवा संपला असेल. तुला मैदानात शिरताना बघून पोटात जळलं. नोव्हेंबरात जळलं होतं तसंच, तेवढंच. एक क्षण मनात आलं, निघून जावं, हिला कळणारही नाही.

तेवढ्यात तू मला पाहिलंस. पाण्याची बाटली घेऊन आलीस.

"कधी आलात?"

"सकाळच्या गाडीने." आणि मग बोलूनच टाकलं. "सुनीती, तू आत आलीस ना, तेव्हा मला पुन्हा तुझा हेवा वाटला. आत्ताही वाटतोय."

तू अर्धी बाटली प्यालीस, तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "वाटू दे. त्याला मी काय करू?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. खरंच, तू त्याला काय करणार? माझा तो. मलाच सांभाळायचा.

"अंग गार पडायच्या आत थोडं चालायला हवं," तू म्हणालीस. "येताय?"

आपण मैदानाला फेरी मारायला लागलो. तुला कळलं नसेल, मी पूर्ण ताकदीने चालत होतो. तू दहा किलोमीटर पळून थकलेल्या पायांनी, अंग सैल सोडून चालत होतीस, आणि तुझ्या बरोबरीने राहायला मला सगळा जोर लावावा लागत होता. पहिली फेरी निभावली. दुसऱ्या फेरीत, कोपऱ्यावरच्या त्या नळापाशी, माझा श्वास मोठ्याने यायला लागला. तू माझ्याकडे बघितलंस.

"दमलात?"

किती कारणं तयार होती सांगू? बूट नवे आहेत, चावतात. ऊन चढलंय. गाडीसाठी लवकर उठलो. गोळीचा डोस बदललाय. यातलं एकही खोटं नव्हतं. सगळी ओळीने तोंडाशी आली होती.

"हो," मी म्हणालो.

"मग बसा इथे. मी ही फेरी पुरी करून येते."

तू गेलीस. मी नळाच्या कट्ट्यावर बसलो, भर मैदानात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. समीक्षाने लांबून हात केला. मी केला. कपाळ पुसलं नाही. घाम होता तो होता.

थोड्या वेळाने वरद आला. कट्ट्यावर, माझ्यापासून हातभर अंतर ठेवून बसला. तू पलीकडच्या बाजूला पोचली होतीस. आम्ही दोघं तुझ्याकडे बघत होतो. "आईचा डावा पाय किंचित बाहेर पडतो ना?" त्याने विचारलं. म्हटलं, "हो. लग्नापासून." एवढंच आमचं बोलणं झालं. बॅग घ्यायला येईन असं त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तू माझ्याबरोबर कर्जतला येशील असं मला गाडीची वेळ होईपर्यंत वाटत होतं. तू स्टेशनपर्यंत आलीस. फलाटावर म्हणालीस, "मी अजून येणार नाही." मी मान हलवली. गाडी सुटायच्या आधी तू खिडकीशी आलीस.

"उद्या किती चालणार?"

तोंडात 'साडेतीन' आलं होतं.

"अडीच," मी म्हणालो.

मधुकर